साडेसहाच्या कॉम्प्रेशनची बीएसए ४,००० मीटरवर: पेट्रोल निवडीच्या नोंदी

गाडी: बीएसए बी३१, १९५६ चं मॉडेल. एक सिलिंडर, ३४८ सीसी, हेड आणि बॅरल दोन्ही बिडाचे, कार्ब्युरेटर ॲमल मोनोब्लॉक ३७६, करंट मॅग्डायनोचा. नवी असताना १७ हॉर्सपॉवरची.

काम: ६०० मीटरवरून ४,००० मीटरच्या खिंडीपर्यंत चढेल, तिथे थांबेल, पुन्हा चालू होईल आणि धड खाली उतरेल, असं पेट्रोल आणि त्याला लागणारी जेटिंग (कार्ब्युरेटरमधून पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटची मापं) ठरवणं. सायलेन्सर, टायर, चेन यांचा हिशोब इथे नाही.

८ मार्च

‘उंचावर जातोस तर भारीतलं, जास्त ऑक्टेनचं भर’ हा सल्ला भेटेल तो देतो. म्हणून आधी हाच मुद्दा निकालात काढला. ऑक्टेन म्हणजे नॉकिंग, म्हणजे दाबाखाली मिश्रण आपोआप पेटून ठोके देणं, सोसायची पेट्रोलची ताकद. कॉम्प्रेशन जितकं कमी तितकी तिची गरज कमी, म्हणून कॉम्प्रेशन मोजलं. पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून ब्युरेटने पातळ तेल सोडलं. गाडी एका अंगाला कलती ठेवली, भोक सगळ्यात वर येईल अशी. नाहीतर आत हवा अडकते आणि आकडा खोटा येतो. पहिल्या वेळी तेल रिंगांमधून झिरपत राहिलं, पातळी थांबेचना. बोअरला ग्रीसचा पातळ हात मारून पुन्हा केलं तेव्हा स्थिर आकडा आला: ६४ सीसी.

३४८ अधिक ६४, भागिले ६४. कॉम्प्रेशन ६.४ आलं. पुस्तकात ६.५ लिहिलंय.

बी३१ बाजारात आली १९४५ मध्ये. तेव्हा ब्रिटनमध्ये युद्धकाळातलं ‘पूल’ पेट्रोल मिळत होतं, ऑक्टेन सत्तरीच्या घरात, आणि १९५३ पर्यंत तेच चालू राहिलं. म्हणजे हे इंजिन त्या पेट्रोलसाठीच बनलं. आजचं साध्यातलं साधं ९१ रॉनचं (रॉन हे ऑक्टेनचं एक माप) पेट्रोल त्याला गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. वर हवा विरळ झाली की सिलिंडरमध्ये मुळात हवाच कमी भरते, दाब कमी होतो, नॉकिंगचा धोका आणखी घटतो. अमेरिकेत रॉकी पर्वताच्या राज्यांत पंपावर ८५ चं पेट्रोल विकतात ते याच तर्कावर. तो आकडा रॉनचा नाही, रॉन आणि मॉन या ऑक्टेनच्या दोन मापांची सरासरी आहे. तिथलं ८७ म्हणजे बाकी जगाचं साधारण ९१. दोन देशांतले आकडे शेजारी ठेवून वाद घालणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

ऑक्टेनचा विषय माझ्यापुरता इथे संपला. एक उलट चाचणी मात्र पुढे केली, कारण नुसत्या हिशोबावर कोणी विश्वास ठेवत नाही.

१५ मार्च

तीन पेट्रोलं आणली. एकावर ई१० (दहा टक्के इथेनॉल), दुसऱ्यावर ई२० (वीस टक्के), तिसरं ‘इथेनॉलविरहित’ म्हणून मिळालेलं. लेबलावर न जाता मोजून घेतली.

पद्धत: १०० मिलीचा मोजपात्राचा नळा. २० मिली पाणी, त्यात खायच्या रंगाचा एक थेंब, वर १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल. बूच लावून हलवायचं, मधे दोनदा बूच सैल करून वाफ सोडायची, मग दहा मिनिटं ठेवायचं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि रंगीत थराची पातळी चढते. वाढ भागिले ८०.

ई१० मध्ये रेघ २७.५ वर आली, म्हणजे नऊ टक्क्यांच्या वर. ई२० मध्ये ३५.५, म्हणजे एकोणीसच्या वर. तिसऱ्यात रेघ २० वरच राहिली, म्हणजे लेबल खरं. पाण्याला रंग देणं टाळू नका. बिनरंगी दोन थरांमधली रेघ काचेच्या वक्रतेत हरवते आणि माणूस हवा तो आकडा वाचतो.

२२ मार्च

टाकीचं झाकण उघडून टॉर्चने आत पाहिलं. कधीकाळी कुणीतरी आतून लायनर (गंज रोखणारा लेप) लावलेलं होतं. त्याचा सुटलेला तुकडा ई२० मध्ये बुडवून ठेवला तर दोन दिवसांत जेलीसारखा झाला. जुनी लायनरं इथेनॉलसमोर टिकत नाहीत हे ऐकून होतो. हे हाताने चोळून पाहिलं. लायनर पूर्ण काढायचं ठरवलं. थिनर, नटबोल्टचे तुकडे, टाकी घोंगडीत गुंडाळून हलवणं, ओतणं, पुन्हा तेच. दोन शनिवार-रविवार गेले. आतला पत्रा चांगला निघाला, म्हणून नवं लायनर लावलंच नाही.

त्याचबरोबर तीन बरण्या मांडल्या, प्रत्येकीत एक पेट्रोल. प्रत्येकीत पेट्रोल कॉकच्या बुचाचा तुकडा, जुन्या रबरी नळीचा तुकडा, नव्या फ्लोरोइलॅस्टोमर (इथेनॉल सोसणारं कृत्रिम रबर) अस्तराच्या नळीचा तुकडा आणि जुन्या कार्ब्युरेटरच्या जस्ती बॉडीची एक चकती. ई१० च्या बरणीत मुद्दाम चमचाभर पाणी टाकलं.

५ एप्रिल

खाली, ६०० मीटरवर, बैठक पक्की केली. वर जाऊन जेट बदलायचे तर खालचा आकडा भरवशाचा हवा.

इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलचं हवेशी प्रमाण १४.७ ला १, शुद्ध इथेनॉलचं ९ ला १, ई२० चं साधारण साडेतेरा. मोनोब्लॉकला हे कळत नाही. तो तेवढंच माप ओततो, त्यामुळे ई२० वर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी; उलट झालं तर रिच).

इथेनॉलविरहित पेट्रोलवर २६० चा मेन जेट, नीडल (अर्ध्या थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणारी सुई) मधल्या खाचेत: प्लगच्या चिनीमातीच्या बुडाशी फिकट तपकिरी कडं. ई१० वर तोच जेट चालला, कडं जरा फिकं. ई२० वर अर्ध्या थ्रॉटलला गाडी झटके देऊ लागली, सोडताना सायलेन्सरमध्ये फटफट, प्लग पांढुरका. जेट २८० आणि नीडल एक खाच वर, तेव्हा शांत झाली.

प्लग वाचायचा तर नवा प्लग, पूर्ण थ्रॉटलवर लांब सरळ रस्ता, मग क्लच दाबून तिथेच इंजिन बंद. ट्रॅफिकमधून घरी येऊन प्लग काढला तर तो फक्त आयडलिंगची काजळी दाखवतो. आजच्या बिनशिशाच्या पेट्रोलवर रंग तसाही फिका येतो. जुन्या पुस्तकांतल्या चॉकलेटी प्लगच्या चित्राशी ताडून पाहिलं तर मिश्रण उगाच रिच करून बसाल.

१२ एप्रिल

बरण्यांचा निकाल. जुनी रबरी नळी ई१० आणि ई२० दोन्हीत फुगली, नखाने ओरबाडली तर काळं निघतं. नवी नळी तिन्हीत जशीच्या तशी. कॉकचं बूच इथेनॉलविरहितमध्ये ठीक, ई२० मध्ये मऊ होऊन कडेने सुटायला लागलेलं.

बघण्यासारखी होती ती पाणी टाकलेली बरणी. तळाशी वेगळा थर बसलेला आणि जस्ताच्या चकतीवर पांढरी बुरशीसारखी पूड. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली बसतं. ई१० मध्ये ही मर्यादा उबदार हवेत अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते आणि थंडीत खाली येते. म्हणजे दिवसा एकजीव दिसणारी टाकी रात्री गोठणबिंदूजवळ गेली की तळाला पाणी सोडू शकते, आणि कॉक तळालाच असतो. वरच्या मुक्कामासाठी ही नोंद महत्त्वाची.

कॉकच्या बुचाऐवजी फ्लोरोइलॅस्टोमरच्या ओ-रिंगचे दांडे बसवले. एक तासाचं काम.

१९ एप्रिल

वर लागणाऱ्या जेटचा अंदाज. ४,००० मीटरवर हवेचा दाब ६१.६ किलोपास्कल, समुद्रसपाटीला १०१.३. प्रमाण वातावरणात घनता तिथे ०.६७ पट उरते. अशा कार्ब्युरेटरचं मिश्रण घनतेच्या वर्गमुळाच्या उलट प्रमाणात रिच होतं, म्हणजे साधारण २२ टक्के. ॲमलचे मेन जेट प्रवाहाच्या मापाने आकडे घेऊन येतात, त्यामुळे सरळ गुणाकार चालतो. २६० गुणिले ०.८२ म्हणजे २१३. उन्हाळ्यात वरची हवा प्रमाण वातावरणापेक्षा उबदार असते, आणखी जरा विरळ, म्हणून २१० घेतला. ई२० साठी २३०. वाटेत लागतील म्हणून २३० आणि २४० दोन-दोन.

हॉर्सपॉवरचं काय, असं विचारणाऱ्यांसाठी: जेट कितीही अचूक असला तरी १७ ची गाडी वर ११ च्या आसपास राहणार. ती हवेची तूट आहे, पेट्रोलने भरून निघत नाही.

३ मे

पहिली चढाई, टाकीत ई१०. २,२०० मीटरपर्यंत २६० वरच नेली, जरा जड वाटली. तिथे २३० टाकला. २,९०० ला पुन्हा घुसमट, निळसर-काळा धूर, प्लग काजळीने भरलेला. हिशोबाप्रमाणे २३० इथे बसायला हवा होता. २१० टाकला तरी धूर. नीडल एक खाच खाली. थोडी सुधारली, पण कार्ब्युरेटरच्या टिकलरमधून (थंड इंजिनासाठी जादा पेट्रोल सोडायचं बटण) पेट्रोल ठिबकत होतं. फ्लोट नीडलवर कचरा समजून दोनदा बोल (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी; ती भरली की फ्लोट नीडल पेट्रोल थांबवते) उघडला. काही नाही.

३,५०० ला दुपारी थांबलो. दहा मिनिटांनी किक मारली तर पेट्रोलचा वास आणि काहीच नाही. बोलला कान लावला तर आत बुडबुड ऐकू येत होती. अर्ध्या तासाने, थ्रॉटल पूर्ण उघडं ठेवून, टिकलरला हात न लावता सुरू झाली. खिंडीचा नाद सोडला.

४ मे

उतरताना उलटं. २,५०० च्या खाली गाडी दम टाकायला लागली, पेट्रोल संपल्यासारखी. टाकी निम्मी भरलेली. ‘व्हेपर लॉक’ (नळीत वाफ अडकणं) म्हणून नळीवर ओलं फडकं गुंडाळलं, सावलीत थांबलो, नळी काढून फुंकली. निघाली की पाच-सात किलोमीटरवर पुन्हा बंद. सकाळ यातच गेली.

शेवटी पेट्रोल किती उरलंय बघायला झाकण उघडलं आणि ‘फुस्स’ करून हवा आत गेली.

झाकणाचं हवेचं भोक बंद होतं. मार्चमध्ये काढलेल्या लायनरचा चिवट कण त्यात जाऊन बसला होता. चढताना बाहेरचा दाब कमी होत गेला, आतला अडकून राहिला, आणि तो पेट्रोलला फ्लोट नीडलच्या पलीकडे ढकलत होता: काल ठिबकत होतं ते यामुळे. उतरताना बाहेरचा दाब वाढला आणि टाकीत पोकळी तयार झाली, पेट्रोल खाली येईना. एकाच भोकाने वर जाताना रिच आणि खाली येताना उपाशी, अशी दोन्ही दुखणी दिली. सुईने भोक मोकळं केलं.

परिणाम: कालच्या जेटिंगच्या सगळ्या नोंदी बाद. २१० वरही रिच दिसलं ते जेटचं नव्हतंच. दुपारची बुडबुड मात्र खरी. तिचा झाकणाशी संबंध नाही.

११ मे

बुडबुडीवर काम. या सगळ्या खटाटोपातला कळीचा भाग हाच, म्हणून जरा सविस्तर.

पेट्रोलचा वाफदाब, म्हणजे त्याच्या वाफेचा दाब, ३७.८ अंश सेल्सिअसला मोजतात. तो बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की पेट्रोल उकळतं. युरोपात उन्हाळी पेट्रोलला त्याची मर्यादा ६० किलोपास्कल आहे, हिवाळीला थंड प्रदेशात १०० पर्यंत सूट. आता ४,००० मीटरचा हवेचा दाब आठवा: ६१.६. म्हणजे उन्हाळी पेट्रोलसुद्धा त्या उंचीवर चाळीस अंशांच्या आतबाहेर उकळायला लागतं. हिवाळी पेट्रोल उरलेलं असेल तर त्याच्या बरंच आधी. खाली जे पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये पन्नास अंशांवर गप्प बसतं, ते वर चाळीसला नाचतं. ऑक्टेनचा आकडा याबद्दल काहीच सांगत नाही.

त्यात दहा टक्के इथेनॉल मिसळलं की वाफदाब सहा-सात किलोपास्कलने वाढतो. गंमत अशी की ही वाढ पहिल्या काही टक्क्यांतच होते. वीस टक्क्यांपर्यंत जाताना ती उलट थोडी उतरते. म्हणून बिनइथेनॉलच्या निम्म्या टाकीवर ई१० ओतलं तर मिश्रण सरासरी गुणाचं होत नाही. मूळ दोन्ही पेट्रोलं सारख्या वाफदाबाची असली तरी एकत्र झाल्यावर त्यांचा वाफदाब दोघांपेक्षा जास्त भरतो. वर पोचल्यावर ‘थोडं टॉप-अप’ करायचा मोह टाळायचं हे कारण.

थर्मोकपल बोलला चिकटवून खालीच मोजलं. चालताना ३८. इंजिन बंद करून दहा मिनिटांनी ५५. बंद केल्यावर तापमान चढतं, कारण वारा थांबतो आणि बिडाचं हेड साठवलेली उष्णता कार्ब्युरेटरकडे पाठवत राहतं.

केलेले बदल: कार्ब्युरेटर आणि हेडच्या मधे १० मिमी जाडीचा टफनॉलचा (उष्णता सहज न वाहणारा कडक पदार्थ) स्पेसर, लांब स्टड. सिलिंडर आणि बोलच्या मधे ॲल्युमिनियमचा आडपडदा. नळी रॉकर बॉक्सला घासून जात होती ती बाहेरून वळवली, सलग उताराने. मधला कागदी फिल्टर काढला. नुसत्या गुरुत्वाकर्षणावर वाहणाऱ्या पेट्रोलला तो अडसर आहे आणि वाफेचा बुडबुडा तिथेच अडकतो. टाकीतली जाळी पुरे.

पुन्हा मोजलं: चालताना ३१, बंद केल्यावर ४४. स्पेसरचं एक तोंड सपाट नव्हतं, हवा गळत होती, आयडलिंग वर-खाली. काचेवर एमरी पेपर ठेवून घासलं. तेवढ्यासाठी संध्याकाळ गेली.

१७ मे

दुसरी चढाई. टाकीत इथेनॉलविरहित, साधं, उन्हाळी, ताजं. झाकण मोकळं.

१,८०० ला २४०, ३,००० ला २३०, ३,७०० ला २१०. हिशोब आणि प्लग एकमेकांशी जुळले. खिंडीत पोचली. दुपारी वीस मिनिटं उभी केली, दुसऱ्या किकला चालू. बोल ४२ अंश दाखवत होता. बारीक बुडबुड होती, पण पेट्रोल बाहेर ओसंडत नव्हतं.

मग ती उलट चाचणी. बरोबर डब्यात ९८ रॉनचं, तेही बिनइथेनॉलचं, नेलं होतं. टाकी काढून रिकामी केली, ९८ भरलं, तोच चढ, तोच गिअर, तोच जेट. काही फरक नाही. वेग तोच, आवाज तोच. किक मारायला सकाळी किंचित जड वाटली, पण ते माझ्या पायाचंही असेल. एक व्यावहारिक मुद्दा उलट जातो: दूरच्या पंपावर महागाचं पेट्रोल कमी खपतं आणि जमिनीतल्या टाकीत जास्त दिवस पडून राहतं. साधं रोज भरलं जातं. आपल्याला ताजं हवंय.

डब्यांबद्दल: खाली घट्ट बंद केलेला प्लास्टिकचा डबा वर पोटुशी म्हशीसारखा फुगतो. बूच एकदम फिरवलं तर फवारा थेट गरम इंजिनावर. डबा काठोकाठ भरू नका, उघडताना गाडीपासून दूर आणि हळूहळू.

१८ मे

वर मुक्काम. सकाळी शून्याच्या एक खाली. आता उलटी अडचण: दुपारी नको असलेली वाफ सकाळी हवी असते. चोक पूर्ण, टिकलर पेट्रोल दिसेपर्यंत दाबला, आठव्या-नवव्या किकला पकडली. उरलेलं जुनं पेट्रोल असतं तर पकडली नसती, कारण हलका अंश आधी उडून जातो आणि सुरू करायला तोच लागतो. पुन्हा ताज्याचाच मुद्दा. वाफदाब कमी असलेलं पेट्रोल घ्यावं, पण पडून वाफ गमावलेलं नको.

२४ मे

ई२० ला संधी न देता बाद करणं बरं नव्हतं. कागदावर त्याची एक बाजू जमेची आहे: उंची मिश्रण रिच करते, ई२० लीन करतं, दोन्ही काही अंशी एकमेकांना खातात. खाली २६० च्या जेटवर झटके देणारी गाडी २,००० मीटरवर त्याच २६० वर ई२० पिऊन सुरेख चालली. तेवढ्यापुरतं चढणीवर जेट कमी वेळा बदलावा लागतो.

पण २,४०० ला धुकं लागलं. हवा आठ अंश, सगळीकडे ओल. वीस मिनिटांत आयडलिंग गेलं, मग थ्रॉटल परत येईना. थांबून पाहिलं तर कार्ब्युरेटरच्या तोंडाशी पांढरं दव गोठलेलं. इथेनॉल वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, आणि ११ मे ला बसवलेला स्पेसर हेडची ऊब कार्ब्युरेटरपर्यंत येऊ देत नाही. दुपारची उकळी थांबवणारा इलाजच धुक्यात बर्फ धरतो. पाच मिनिटं इंजिन बंद ठेवलं, आतल्या उष्णतेने बर्फ वितळला, पुढे गेलो. पुन्हा धरला. शेवटी आडपडदा काढून खिशात टाकला, स्पेसर राहू दिला. तेवढ्याने भागलं. आडपडद्याला आता दोन स्क्रूंऐवजी चाप लावलाय, हाताने निघतो.

३,६०० ला दुपारी पुन्हा उकळी, इथेनॉलविरहितपेक्षा जास्त. टाकी सहा-सात टक्क्यांनी लवकर संपते हेही आलंच. इथेनॉलच्या लिटरमागे २१ मेगाजूल, पेट्रोलच्या ३२.

२५ मे

उतरतानाची नोंद वेगळी लिहितो, कारण इंजिनाचं नुकसान इथे होऊ शकतं. वरचा २१० चा जेट ठेवून थेट खाली आलो तर मिश्रण साधारण एक पंचमांश लीन. त्यात वाटेत ई२० भरलं तर आणखी सात-आठ टक्के. उतारावर थ्रॉटल बंद असतो म्हणून काही जाणवत नाही. सपाटीला लागून पूर्ण थ्रॉटल उघडलं की पिस्टनच्या डोक्याला भोक पडायची तयारी. म्हणून हँडलला पट्टी चिकटवली आहे: आत कोणता जेट आहे तो आकडा. ३,००० ला एकदा, १,८०० ला एकदा थांबायचंच. जेट बदलायला मोनोब्लॉकला दहा मिनिटं लागतात. फायबरचा वायसर जपून, जास्तीचे दोन जवळ ठेवा.

१ जून

विमानाचं १०० एलएल (‘लो लेड’, कमी शिशाचं) पेट्रोल का नाही, या प्रश्नासाठी. वाफदाब ३८ ते ४९ किलोपास्कल, इथेनॉल शून्य, महिनोन्‌महिने टिकतं. उकळीपुरतं बोलायचं तर आपल्याला हवं तसंच. पण त्यात लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं. वर इंजिन थंड चालतं, भार कमी, अशा वेळी शिशाचे मणी प्लगवर धरतात. हलका अंश कमी असल्याने शून्य अंशाला किक मारून दमाल. आणि रस्त्यावरच्या गाड्यांना शिशाचं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तोही जुलै २०२१ मध्ये थांबला. आपण ते पुन्हा हवेत सोडायचं काही कारण मला सापडलं नाही.

शिशाशिवाय बिडाच्या व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतात त्या कडा) झिजतील ही भीती पूर्णपणे खोटी नाही. झिजल्या तर व्हॉल्व्ह आत बसतो आणि टॅपेटचा गॅप कमी होत जातो. म्हणून ८ मार्चला गॅप लिहून ठेवला होता. आज थंड इंजिनावर पुन्हा मोजला: दोन्ही व्हॉल्व्ह जसेच्या तसे. सीट झिजतात त्या लांबवर जोरात पळवून. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये तीस-चाळीसच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला तो ताण नाही.

७ जून

ठरलेलं पेट्रोल: इथेनॉलविरहित, ९१ किंवा त्याच्या आसपास, उन्हाळी, जास्त खपाच्या पंपावरचं. खालूनच पूर्ण टाकी आणि एक डबा. ते न मिळाल्यास ई१०, पण मग टाकी आधी जवळजवळ संपवून, मिसळून नाही. ई२० फक्त अडल्यावर, आणि २,५०० च्या वर दुपारी गाडी सावलीत लावायची तयारी ठेवून.

जेट, बिनइथेनॉलच्या पेट्रोलवर: १,८०० पर्यंत २६०, मग २४०, ३,००० नंतर २३०, ३,७०० नंतर २१०. नीडल मधल्या खाचेत, पायलट जेट न बदलता फक्त हवेचा स्क्रू वर गेल्यावर अर्धा फेरा बाहेर. प्लग एक पायरी गरम लावून पाहिला, फायदा दिसला नाही, परत मूळचा लावला.

गेलेला वेळ: सर्वात जास्त टाकीच्या लायनरमध्ये, त्याखालोखाल झाकणाच्या भोकात. पेट्रोल बदलण्यात फारसा नाही. फेकलेलं सामान: काजळी धरलेले तीन प्लग, एक वाकडा स्पेसर, जुनी नळी.

बाकी: टिकलरची स्प्रिंग सैल झाली आहे. झाकणाच्या भोकाला बारीक जाळी लावायची आहे. पाऊस सुरू झाला, त्यामुळे पुढची चढाई सप्टेंबरनंतर. तोवर टाकी इथेनॉलविरहित पेट्रोलने काठाखाली बोटभर भरून ठेवली आहे, कार्ब्युरेटर मात्र कोरडा.